गब्बरला मारायचं कुणी?

पक्याने रविवारी सकाळी कट्ट्यावर आल्या आल्या मोबाईल पुढे केला. ‘शोले’चा मूळ शेवट. ठाकूर खिळ्यांच्या बुटांनी गब्बरला तुडवून मारतो, तो. “पन्नास वर्षं फसवलं राव आपल्याला!”

“फसवलं कसलं, आणीबाणी होती,” सुनील म्हणाला. त्याला असल्या गोष्टी तोंडपाठ. “२५ जूनला लागली, पिक्चर १५ ऑगस्टला. माजी का होईना, पोलीस अधिकारी कायदा हातात घेतोय, ते सेन्सॉरला चालेना. मग शेवट परत शूट केला.”

“म्हणजे अख्खा पिक्चर रामगढ लुटलं जातंय तेव्हा पोलीस नाहीत, आणि गब्बर हातात सापडला की बरोब्बर हजर!”

हवालदारकाका बाकावर पेपर वाचत होते. रिटायर होऊन आठ वर्षं झाली, तरी आम्ही हवालदारकाकाच म्हणतो. पेपर खाली न करता म्हणाले, “उशिरा का होईना, आले ना?”

मूळ शेवट २०२५ साली बोलोन्याच्या महोत्सवात मोठ्या पडद्यावर दाखवला, हेही सुनीलने सांगून टाकलं. म्हणजे ठाकूरला सूड घ्यायला पन्नास वर्षं लागली, तीही इटलीत.

वैशाली इतका वेळ गप्प होती. “पण गब्बर कुठला बागी रे? तो गरिबाच्याच घरातलं धान्य उचलतो. बंडाचा पिक्चर म्हणायचा तर ‘पानसिंग तोमर’. स्टीपलचेसचा राष्ट्रीय विजेता, फौजेतला माणूस. जमिनीच्या भांडणात पदकं घेऊन ठाण्यात जातो, तिथे कुणी पत्रास ठेवत नाही. तिथून पुढे बंदूक. चंबळमध्ये अशाला डाकू नाही म्हणत, बागी म्हणतात.”

“ज्याच्या घरावर दरोडा पडतो तो काय म्हणतो, ते विचार,” काका म्हणाले. आता पेपर खाली आला होता. “तुमची ती फूलनदेवी. बेहमईत १४ फेब्रुवारी १९८१ ला वीस माणसं रांगेत उभी करून मारली. त्यांच्या बायकांचा पिक्चर काढला का कुणी?”

सगळे गप्प. काकांचं चूक नव्हतं.

“नाही काढला,” वैशाली म्हणाली. “पण काका, तिचा तरी कुठे काढला? ती तुरुंगात होती. ८३ साली भिंडला मुख्यमंत्र्यांपुढे बंदूक खाली ठेवली, पुढे अकरा वर्षं खटल्याशिवाय आत. इकडे तिच्यावरचा पिक्चर, ‘बँडिट क्वीन’, तयार, ‘ही सत्यकथा आहे’ अशी पाटी लावून. सुटून आली तर तिला दाखवायलाही तयार नाहीत. शेवटी पिक्चर थांबवा म्हणून बाईच कोर्टात गेली! जिच्यावर अत्याचार झाले तिला न विचारता तेच अत्याचार पडद्यावर.”

“पण त्या पिक्चरनेच लोकांना कळलं ना, काय झालं ते?” पक्या.

“लोकांना कळायला तिनेच परत सोसायचं?”

माझं सांगतो. तो पिक्चर मी दोनदा लावला आणि दोन्ही वेळा मध्येच उठलो. दिग्दर्शकाची चीड खरी वाटते, पण कॅमेरा कुणाच्या बाजूला उभा आहे ते मला कळत नाही. आणि तो संपतो शरणागतीवर. खरी गंमत तर पुढेच होती. १९९६ मध्ये हीच बाई मिर्झापूरहून निवडून लोकसभेत गेली, आणि २००१ मध्ये दिल्लीत राहत्या घरासमोर तिला गोळ्या घातल्या. बंदूकवाली बाई पडद्याला चालते. खासदार झालेली मल्लाहाची पोर कुठे बसवायची, ते पडद्याला कळत नाही.

“अरे, हे आपल्याकडचंच नाही,” सुनील परत सुरू. ऑस्ट्रेलियात नेड केली नावाच्या दरोडेखोराला १८८० मध्ये फाशी दिली. १९०६ मध्ये त्याच्यावर तासाभराचा पिक्चर निघाला. तेव्हा एवढा लांब कथापट जगात कुणी काढला नव्हता. तर पुढच्याच वर्षी बेनाला नि वांगरट्टा, म्हणजे केलीच्याच मुलखात, बंदी. “माणूस मरून सव्वीस वर्षं झाली, तरी धास्ती!”

“मेलेल्याचीच जास्त असते,” काका म्हणाले. आम्ही चमकून बघितलं. हे त्यांच्या तोंडून?

त्यांनी मानेनेच पलीकडे खूण केली. आमचा कट्टा पुण्यात, खडकमाळ आळीत. ३ फेब्रुवारी १८३२ ला उमाजी नाईकांना फाशी दिली ती इथेच, जुन्या मामलेदार कचेरीत. रोज तिथून जातो आम्ही, मान वर न करता.

वैशालीने संधी साधली. “काका, तुम्ही तेव्हा हवालदार असता तर? इंग्रजांच्या लेखी दरोडेखोरच होते ना ते?”

काकांनी कपातला उरलेला चहा फिरवला, पिऊन टाकला. पेपरची घडी केली.

“त्या दिवशी ड्यूटी कुठे लागली असती, त्यावर आहे,” म्हणाले, आणि स्वतःच्या चहाचे पैसे ठेवून उठले. एरवी पक्यालाच भरायला लावतात.