चार बार आणि एक 'तो'

यॉर्कला जायचं ठरलं तेव्हा आम्ही सात जणी होतो. ग्रुपवर सातही जणींनी नाचणारे इमोजी टाकले होते. आदल्या रात्री एकीला असाइनमेंट आठवली, दोघींना कामाची शिफ्ट लागली, एकीला ताप आला (तो सोमवारी सकाळी आपोआप उतरला) आणि पाचवीने काही कारणच दिलं नाही. मला तीच सर्वांत प्रामाणिक वाटली. सकाळी लीड्स स्टेशनवर उभ्या होतो फक्त मी आणि माझी रूममेट.

रूममेट कोल्हापूरची. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं रामायण त्यावरून घडलं. कोल्हापूरकडच्या पुष्कळ मुली 'मी आले, मी जेवले' म्हणत नाहीत, 'मी आलो, मी जेवलो' म्हणतात. पहिल्या आठवड्यात बाथरूमच्या दारातून 'मी आंघोळ करून आलो' असं ऐकू आलं तेव्हा मी दचकून अंगावर पांघरूण ओढलं होतं. आता सहा महिन्यांत कान इतका सरावलाय, की परवा दुकानात मीच तिला 'मी पुढे होतो' म्हणाले. पण ही सगळी प्रगती लीड्समध्ये झाली. पुण्यात आईला रूममेट ठाऊक होती ती व्हिडिओ कॉलमध्ये मागून कुकर घेऊन जाणारी एक आकृती म्हणून.

आईची एकच अट होती. लाइव्ह लोकेशन चालू ठेवायचं.

लीड्स ते यॉर्क गाडीने जेमतेम पंचवीस मिनिटं. रेलकार्डावर तिकिटात एक तृतीयांश सूट मिळाली, म्हणजे दिवसाची सुरुवातच नफ्यात. स्टेशनातून बाहेर पडलं की समोर तटबंदी, आणि एप्रिल असल्यामुळे तिच्या उतारावर पिवळ्या डॅफोडिल्सचा नुसता सडा. मी 'आहाहा' म्हणून फोटो काढायला लागले. कोल्हापूरकरणीने तटाला खालून वर एकदा न्याहाळलं आणि विचारलं, "हा केवढा लांब?"

"साडेतीन किलोमीटरच्या आसपास. इंग्लंडमधली सर्वांत चांगली टिकलेली मध्ययुगीन तटबंदी आहे."

"आमच्या पन्हाळ्याचा सातच्या वर आहे," ती म्हणाली आणि जिना चढायला लागली.

आता यॉर्कची गंमत सांगते. रोमनांनी हे शहर इ. स. ७१ मध्ये वसवलं आणि ८६६ मध्ये ते व्हायकिंगांनी घेतलं. त्यांच्या भाषेत रस्त्याला 'गाटा' म्हणत. त्यामुळे इथल्या जुन्या रस्त्यांच्या नावांत 'गेट' येतं. स्टोनगेट, कॉपरगेट, मिकलगेट हे सगळे रस्ते. गेट त्यातलं एकही नाही. मग तटाच्या दरवाजांना काय म्हणायचं? त्यांना म्हणतात 'बार'. आणि बारला? 'पब'. म्हणजे आपण ज्याला गेट म्हणतो तो इथे बार, ज्याला बार म्हणतो तो पब, आणि गेट शोधत गेलात तर रस्त्यावर याल. हे सगळं मला तटावरच्या एका आजोबांनी इतक्या आनंदाने सांगितलं, की दिवसातून निदान दहा जणांना तरी ते हे सांगत असावेत.

"यात काय एवढं?" कोल्हापूरकरीण म्हणाली. "तुमच्या पुण्यात खुन्या मुरलीधर आहे. त्यानं कुणाचा खून केलाय?"

मी गप्प बसले. उपाशी विठोबाही मनातच ठेवला.

बेत असा होता, की तटावरून शहराला प्रदक्षिणा घालायची आणि चारही मुख्य बार करायचे. 'चारही बार करायचे' हे वाक्य आम्ही दिवसभर इतक्या निरागसपणे म्हणत होतो, की त्यात काही खटकण्यासारखं आहे हे एकदाही लक्षात आलं नाही. तट चढायला पैसे पडत नाहीत. बेताचा खरा पाया तोच होता.

पहिला मिकलगेट बार. राजे याच दरवाजाने शहरात येत आणि राजद्रोह्यांची मुंडकीही याच दरवाजावर लागत. १४६० मध्ये यॉर्कच्या ड्यूकचं डोकं इथे टांगलं होतं, वर म्हणे कागदाचा मुकुट चढवून. कोल्हापूरकरणीला शहराबद्दल पहिल्यांदा आदर वाटला तो इथे.

तटावरून चालणं ऐकायला फार रम्य आहे. प्रत्यक्षात वाट अरुंद, आतल्या बाजूला बऱ्याच ठिकाणी कठडाच नाही, आणि यॉर्कशायरचा वारा असा, की ओढणी आपल्या आधी पुढच्या बुरुजावर पोचते. समोरून माणूस आला की दोघांनी अंग चोरायचं, दोघांनी 'सॉरी' म्हणायचं, मग 'थँक्यू' म्हणायचं. इथे धक्का न लागता माफी मागतात. तासाभरात माझ्या साठ-सत्तर सॉऱ्या खर्च झाल्या. तेवढ्यात आईचा मेसेज : "तू नदीत दिसतेयस."

आम्ही ऊझ नदीवरच्या पुलावर होतो. मी पुलाचा फोटो पाठवला. "कडेने चालू नकोस," असं उत्तर आलं.

जेवायला नदीकाठी बसलो. डब्यात तिच्या हातच्या दशम्या आणि माझ्या आईने पाठवलेली, कस्टम्समधून अब्रूसकट सुटलेली शेंगदाण्याची चटणी. एक दशमी उलगडते न उलगडते तोच पाच-सहा भुरकी हंसबदकं आली आणि त्यांच्यातलं सर्वांत गलेलठ्ठ माझ्यासमोर मान ताणून उभं राहिलं. सारसबागेत वाढलेली मी, प्रेमाने एक तुकडा पुढे केला. त्याने तुकडा सोडला आणि हातातली अख्खी दशमी ओढली. मी किंचाळले. कोल्हापूरकरणीने पायातला बूट काढला. शेजारच्या बाकावरच्या बाई आम्हाला म्हणाल्या, "सॉरी." का, ते मला अजूनही कळलेलं नाही.

दुसरा वॉल्मगेट बार. त्याच्या पुढ्यात दगडी भिंतींची बोळकांडी आहे, शत्रूला आत घेऊन कोंडण्यासाठी. अशी बोळकांडी शिल्लक असलेली इंग्लंडमधली ही एकमेव शहरवेस. हे वाचून दाखवत होते, तर कोल्हापूरकरीण म्हणाली, "बरं आहे. पण रायगडाचा दरवाजा समोर येईपर्यंत दिसतच नाही." नंतर मी पाट्या मनातल्या मनात वाचल्या. पुढे मध्येच तट संपतो. तिथे पूर्वी दलदल आणि तळं होतं, त्यामुळे भिंत बांधायची गरजच पडली नव्हती. तळं कधीच गेलं, भिंत नाहीच, आणि आपण मोठमोठ्या दुकानांच्या पार्किंगशेजारून इतिहास शोधत चालतो.

तिसरा मंक बार, सर्वांत उंच. इथे पोचेस्तोवर आठ हजार फोटो आणि लाइव्ह लोकेशन यांनी मिळून माझ्या फोनचा जीव घेतला. आईच्या नकाशावरचा माझा बाण मंक बारपाशी जो थांबला तो थांबलाच.

"आई घाबरेल," मी म्हणाले.

"थांब, मी कळवतो की," कोल्हापूरकरणीने माझ्याकडून नंबर घेतला, भराभरा टाइप केलं आणि फोन जॅकेटच्या खिशात टाकला. काय लिहिलं ते मी पाहिलं नाही. तिचा फोन लेक्चरच्या सवयीने कायम मुका असतो, हेही तेव्हा आठवलं नाही. यॉर्कमध्ये दुपारचे तीन वाजले होते. पुण्यात साडेसात. आईची मालिका सुरू व्हायची वेळ.

मंक बार ते बूथम बार हा तटाचा सर्वांत देखणा तुकडा. एका अंगाला झाडं, बागा, आणि त्यांच्या वर मिन्स्टरचे, म्हणजे यॉर्कच्या भव्य जुन्या चर्चचे मनोरे. चौथा बार झाला. आम्ही एकमेकींना टाळी दिली, खाली उतरलो आणि शॅम्बल्समध्ये शिरलो. ही एके काळी खाटिकांची आळी. मांस टांगायचे आकडे अजून काही दुकानांच्या दर्शनी भागावर आहेत. घरांचे वरचे मजले रस्त्यावर इतके झुकलेत, की समोरासमोरच्या खिडक्यांतून वाटीभर साखर मागता येईल. आता तिथे जादूच्या छड्या विकतात आणि छडी घ्यायला रांग लागते. छडीचा भाव बघून आम्ही बाहेर पडलो ते थेट व्हिप-मा-व्हॉप-मा-गेटवर. एवढं लांबलचक नाव आणि यॉर्कमधला सर्वांत आखूड रस्ता. पाटीचा फोटो काढायला दोन पावलं मागे सरकलं की रस्ता संपतो.

भूक लागली होती. चहाच्या प्रसिद्ध दुकानाबाहेरची रांग आणि काचेवरची दरपत्रिका दोन्ही लांबूनच वाचली. मग मला आठवलं, की किटकॅट १९३५ मध्ये याच शहरात जन्मलं. दोन किटकॅट घेतली आणि स्थानिक खाद्यसंस्कृतीचा आस्वाद घेतला.

राहिलं होतं मिन्स्टर. आत जायला तिकीट आहे, पण संध्याकाळच्या प्रार्थनेला येणाऱ्याला नाही. कोल्हापूरकरीण म्हणाली, "अंबाबाईच्या दर्शनाला कोण पैसे देतंय?" दाराशी फोन बंद करायला सांगितले. तिने तो तसाच, न बघता, बंद केला.

या इमारतीचं काम १२२० च्या सुमारास सुरू झालं आणि १४७२ मध्ये संपलं. मान वळवली की टेनिस कोर्टाएवढी पूर्वेची रंगीत खिडकी दिसते. जॉन थॉर्न्टन नावाच्या कारागिराने ती १४०५ ते १४०८ अशा तीन वर्षांत पुरी केली, मोबदला ५६ पौंड. आता तेवढ्यात आम्हा दोघींची तिकिटं आणि वर चहा निघेल. मुलांचं गाणं सुरू झालं आणि ते आवाज वर वर जात त्या दगडांत असे विरून गेले, की पन्हाळा-रायगडसुद्धा पाऊण तास काही बोलला नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्याच वेळी पुण्यात आईच्याही डोळ्यांत पाणी होतं.

बाहेर आल्यावर कोल्हापूरकरणीने फोन चालू केला आणि तो तिच्या हातात फडफडायला लागला. एकवीस मिस्ड कॉल. मी तिचा मेसेज तेव्हा पहिल्यांदा वाचला :

"नमस्कार काकू. तिच्या मोबाईलची बॅटरी गेली म्हणून मी माझ्यावरून मेसेज करतोय. काळजी करू नका, मी आहे बरोबर. तीन बार झाले, चौथा झाला की तिला घेऊन रूमवर जातो."

डीपीवर तिच्या दादाची बुलेट.

खाली आईची उत्तरं ओळीने. ७:३४, "आपण कोण?" ७:३५, "तिला फोन द्या." ७:४१, "ती पीत नाही." ७:५८, मराठी माणूस आहे एवढ्यावर थोडी धग कमी झाली असावी : "आपण मूळचे कुठले?" ८:२०, "आईवडील काय करतात?" ८:४५, "शिक्षण?" मग बाबा : "मी तिचा वडील बोलतोय," आणि पुढे काहीच नाही. ठाण्याच्या मामाचे तीन कॉल. आणि लंडनच्या माझ्या आतेभावाचा मेसेज. आई त्याला म्हणाली होती, जरा जाऊन बघून ये, तू तिथेच आहेस ना. लंडनहून यॉर्क तीनशे किलोमीटर आहे. त्याने लिहिलं होतं : "मामींना सांगितलं, की यॉर्कमध्ये बार म्हणजे वेस. त्या म्हणतायत, तूही त्यांना सामील आहेस का?"

परतीच्या गाडीत बसल्या बसल्या व्हिडिओ कॉल लावला. पुण्यात अकरा वाजून गेले होते. स्क्रीनवर आई, बाबा, आणि वरच्या मजल्यावरच्या काकूही.

"तो कुठाय?" आई.

कोल्हापूरकरणीने कॅमेऱ्यात डोकं घातलं. "काकू, मीच तो."

आई बराच वेळ तिच्याकडे बघत राहिली. कुकरवाली आकृती तिला ओळखू आली असावी. मी गेट, गाटा, बार, पब असं सगळं व्हायकिंगांपासून सांगितलं. बाबा म्हणाले, "मी म्हणत नव्हतो?" ते काहीच म्हणत नव्हते. आई म्हणाली, "मग वेस म्हणावं. एवढी पदवी घ्यायला गेलात, वेस शब्द येत नाही?" तिच्या चेहऱ्यावर सुटका होती, पण त्यामागे किंचित हिरमोडही दिसला. 'शिक्षण?' या प्रश्नापर्यंत ती पुष्कळ पुढे गेली होती.

"काकू, माझा दादा आहे की इंजिनिअर," कोल्हापूरकरीण म्हणाली. "बुलेट त्याचीच." मी तिच्या पायावर पाय दिला.

रूमवर पोचल्यावर माझा फोन अजून चार्ज व्हायचा होता, म्हणून तिनेच कळवलं : "काकू, सुखरूप आलो. मी आता भात लावतो."

पुण्यात मध्यरात्र होत आली होती. तरी मिनिटाभरात उत्तर आलं. एकच शब्द.

"लावते."