गुलमोहराची पाचवी पाकळी

सर, फुलांच्या सममितीवरच्या माझ्या लेखावर एवढं सविस्तर लिहिलंत, बरं वाटलं. आपलं म्हणणं असं, की गुलमोहराला पाच पाकळ्या आहेत, म्हणजे ७२ अंशांत फिरवला की फूल जसंच्या तसं. मग मी त्याला पळसाच्या, म्हणजे एकाच रेषेवर दुमडणाऱ्या फुलांच्या, पंगतीला का बसवलं? आणि फुलांना असे आरसे लावून साधतं तरी काय, हे सगळं माणसानेच लादलेलं ना?

पाकळ्या मोजून सममिती ठरत नाही, सर. नागपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये सध्या गुलमोहराचा सडा पडतोय. त्यातलं एक ताजं फूल उचलून बघा. चार पाकळ्या लालभडक. पाचवी जराशी मोठी, पांढरट-पिवळी, तिच्यावर लाल ठिपके. फूल ७२ अंशांत फिरवलं की ही पाकळी जागा सोडते आणि आपला हिशोब तिथेच मोडतो. तिच्या मधोमध जाणारी एकच रेषा फुलाचे सारखे दोन भाग करते. म्हणून ते द्विपार्श्व. गोरेवाड्याच्या पळसात हे लांबूनही दिसतं: वर एक मोठी पाकळी, बाजूंना दोन, आणि खालच्या दोन जुळून झालेली वाकडी चोच. पुंकेसर त्या चोचीत. मैना मधासाठी फुलात तोंड घालते तेव्हा पराग तिला ठरावीक जागीच लागतात. दुसऱ्या फुलात स्त्रीकेसराचं टोक नेमकं तिथेच टेकतं. आरसे लावून साधतं ते हे.

आपला फिरवण्याचा निकष सदाफुलीला चपखल बसतो. पण तिच्या प्रत्येक पाकळीची कड शेजारणीवर एकाच दिशेने चढलेली असते. कळीचा पीळ बघितला की लगेच कळतं. आरशात तो पीळ उलटा होतो. पाठ्यपुस्तकं तिला सरसकट अरीय, म्हणजे सगळीकडून सारख्या फुलांच्या, गटात घालतात. मी वेगळी काढली ती जाणूनबुजून.

हे सगळं माणसाने फुलांवर लादलंय, हे तर मला अजिबात पटत नाही. नर्सरीत ज्याला डॉग फ्लॉवर म्हणतात, त्यात सायक्लॉइडिया नावाचं जनुक फुलाची वरची बाजू घडवतं. ते आणि त्याचं जोडीदार जनुक, दोन्ही बंद पडली की त्याच झाडाला सगळीकडून सारखी फुलं येतात.

आपण बहाव्याचं विचारलं नाहीत, पण खरा पेच तिथे आहे. पाकळ्या जवळपास सारख्या, पुंकेसर मात्र तीन मापांचे: तीन लांब नि वळलेले, चार मध्यम, तीन अगदी खुजे. आता सांगा सर, हे फूल कुठल्या रेषेवर दुमडाल?