‘ही तर बटाट्याची पातळ भाजी’ : काल्दू वेर्दवरच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुम्ही नाव लिहिलेलं नाही, म्हणून नुसताच नमस्कार.

लिस्बनला सहा वर्षं काढल्याचं सांगून तुम्ही माझ्या पोस्टमधल्या काल्दू वेर्दला, म्हणजे पोर्तुगालच्या बटाटा-पाल्याच्या सुपाला, नावं ठेवलीत. पाला नवलकोलाचा, शोरीसु (डुकराच्या मांसाचं सॉसेज) नाही, बटाटा मिक्सरमधून काढलेला, आणि वर मथळा ‘पारंपरिक शाकाहारी सूप’! ‘आठ दिवस फिरून आलेल्यांनी परंपरा शिकवू नये, ही तर बटाट्याची पातळ भाजी,’ हे शेवटचं वाक्य मला लागलं. म्हणून दोन दिवस थांबून लिहिते आहे.

आधी माझी चूक. ‘शाकाहारी’ हा शब्द मी काढला आहे. पुष्कळ ठिकाणी शोरीसु बटाट्याबरोबरच शिजवतात, मग बाहेर काढून त्याच्या चकत्या करतात आणि वाढताना वाडग्यात एखादी घालतात. चकती नको म्हटली तरी रस्सा मांसाचाच. माझं वाचून तिकडे कुणी निर्धास्तपणे वाडगं तोंडाला लावलं असतं, हा विचार मला आधीच सुचायला हवा होता. ‘मांस घालून शिजवलंय का, ते आधी विचारा’ ही ओळ आता पोस्टमध्ये सगळ्यात वर आहे.

मिक्सरचंही तुमचं बरोबर. शिजलेला बटाटा जोरात फिरला की त्याची खळ होते. आता मी पुरणयंत्र वापरते. तिकडच्या जुन्या स्वयंपाकघरांत ‘पास-व्हीत’ असतं ना, ते म्हणजे आपलं पुरणयंत्रच. तशीच जाळी, तसाच दांडा. त्यातून उतरलेला बटाटा रस्स्याला दाट करतो, पण चिकट करत नाही.

पाल्याबाबत मात्र मी मागे हटणार नाही. उत्तर पोर्तुगालच्या मिन्यू प्रांतात दारामागे उंच देठाची कोव गालेगा, म्हणजे गड्डा न धरणारा पानांचा कोबी, लावतात आणि तिची खालची पानं खुडत जातात. ती इथे मिळत नाही, हे खरं. पण कोबी, फ्लॉवर, नवलकोल आणि ती कोव ही वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने एकाच जातीची भावंडं आहेत. आपला ‘कोबी’ हा शब्दच त्या ‘कोव’वरून आला आणि ‘बटाटा’ही पोर्तुगीजच. गोव्यात हे सूप पालकाचं करतात, तेही मी करून पाहिलं. पालक दोन मिनिटांत गळतो. नवलकोलाचा पाला दाताखाली राहतो, आणि मला तिथलं आठवतं ते नेमकं हेच.

कारण आई आणि मी तिकडे गेलो तेव्हा आमच्यासाठी या पदार्थाची सुरुवात चवीपासून झालीच नाही, चिरण्यापासून झाली. पोर्तो शहराच्या बोल्याव बाजारात एक बाई पानांची घट्ट गुंडाळी हाताच्या यंत्रात सरकवून दांडा फिरवत होती आणि खाली केसासारखे हिरवे धागे पडत होते. आई तिथून हलेचना. तिने जन्मभर विळीवर कोबी चिरलाय, पचडीसाठी, इतका बारीक की मीठ लावलं की लगेच मऊ पडावा. त्या बाईने एक चिमूट धागे आईच्या तळहातावर ठेवले. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. आईने ते बोटांत चोळून पाहिले आणि मान डोलावली.

त्याच आठवड्यात 23 जूनची रात्र होती, साव जुआंवची, म्हणजे संत जॉनच्या सणाची. रस्त्यांवर भाजलेल्या सार्डिन माशांचा धूर, आणि जो तो दुसऱ्याच्या डोक्यावर प्लॅस्टिकची हातोडी हळूच मारतोय. आई पहिल्यांदा दचकली, मग तिने स्वतःच एक विकत घेतली. मध्यरात्री दोरू नदीवरची आतषबाजी संपल्यावर एका छोट्या खानावळीत काल्दू वेर्द मिळालं. आईने चकती नको अशी खूण केली. वाढणारीने चकती परत ठेवली आणि पाल्याचा आणखी एक डाव वाढला. पाच दिवस ब्रेड, चीज आणि संत्र्यांवर काढलेल्या आईने ते वाडगं दोन्ही हातांत धरलं होतं.

तुमची प्रतिक्रिया वाचल्यावर रस्स्याचं मी आईला सांगितलं. ती जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “मला वाढताना तिने तो तुकडा उचलून ठेवला, एवढं मी पाहिलं.” त्यावर आम्ही पुढे बोललो नाही.

आता तिला विळीवर बसवत नाही. ती टेबलाशी बसून सुरीने चिरते. देठ काढायचे, पानं एकावर एक ठेवायची, अळूवडीसारखी गुंडाळी करायची आणि आडवी कापायची. अर्धा किलो बटाटे, एक मोठा कांदा, तीन लसूण पाकळ्या, सव्वा लिटर पाणी. हे शिजवून पुरणयंत्रातून काढायचं आणि रस्सा पुन्हा खळखळला की पाला घालून चारच मिनिटं, झाकण न ठेवता. शेवटी वाडग्यात कच्चं ऑलिव्ह तेल. घाईत जाड चिरून एकदा केलं होतं, तेव्हा मात्र ती खरोखर बटाट्याची पातळ भाजीच झाली होती.

शोरीसुशिवाय ते अपुरं राहतं, हे मला मान्य आहे. कुणी गोव्याचा चोरिस घाला सुचवलं होतं, पण त्याच्या व्हिनेगरने आणि मिरचीने सगळं सूप आंबट-तिखट होईल. तिकडचा शोरीसु धुरावलेला असतो, आणि हवा असतो तो धूर. म्हणून मी धुरावलेली पाप्रिका चिमूटभर तेलात मिसळते. ‘पारंपरिक’ शब्दाऐवजी मथळ्यात आता ‘आम्ही पोर्तोत खाल्लं तसं’ असं आहे.

एक मागणं आहे. या सुपाबरोबरचा मक्याचा पाव, ब्रोआ, मला जमत नाही. पीठ उकळत्या पाण्यात भिजवते, आपल्या भाकरीच्या उकडीसारखंच, पण कवच तसं तडकत नाही आणि आतून ओलसर राहतो. तुम्ही तिकडे घरी करत असाल, तर मक्याच्या पिठाला रायचं पीठ किती घेता आणि ओव्हन किती तापवता ते कृपया लिहा. पुढच्या रविवारी आई पुन्हा पाला चिरणार आहे.