पंचा, वांग आणि 'गोरं राहण्याचा सोस' : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

सायकल चालवताना चेहरा उन्हापासून कसा जपावा या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया रात्री पावणेबाराला वाचली आणि नंतर झोप लागली नाही. राग शांत झाल्यावर उत्तर द्यावं म्हणून दोन दिवस थांबले. तो काही शांत झाला नाही, पण तिसरा दिवस उजाडला, म्हणून लिहिते.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी जशीच्या तशी देते. "काकू, गोरं राहण्याचा एवढा सोस असेल तर सायकल विकून टाका आणि एसी गाडीतून फिरा. आमचे आजोबा उघड्या तोंडाने आयुष्यभर उन्हात राबले, त्यांना काही झालं नाही. ओला पांढरा पंचा तोंडाला गुंडाळायचा सल्ला चुकीचा आहे, ओलं सुती कापड ऊन अडवत नाही. कान झाकले तर मागच्या गाडीचा आवाजही येत नाही. पावसाळ्यात सनस्क्रीन लावा म्हणणं ही कंपन्यांची दलाली. आणि ड जीवनसत्त्वाचं काय?"

आधी 'काकू'. माझं वय ५३. भाजीवाला काकू म्हणतो, सोसायटीतली पोरं म्हणतात, मला त्याचं काही वाटत नाही. पण तुम्ही तो शब्द कुठे ठेवलाय ते कळण्याइतकी मी शहाणी आहे. हाच लेख एखाद्या पुरुषाने लिहिला असता तर तुम्ही 'काका' म्हणून सुरुवात केली असती का? 'सर' म्हणाला असतात. असो.

आता 'गोरं'. माझ्या लेखात हा शब्द एकदाही नाही, मी शोधून पाहिला. 'उजळ' नाही, 'तजेलदार'सुद्धा नाही. मग हे 'गोरं' आलं कुठून? तुमच्या डोक्यातून. बाईने तोंडाला काही लावलं की ती गोरी व्हायलाच लावते, असं तुम्ही ठरवूनच टाकलंय. २०२० साली फेअर अँड लव्हलीने नाव बदलून ग्लो अँड लव्हली केलं, तुम्ही मात्र अजून जुन्याच ट्यूबवर आहात.

मी काळी आहे. सावळी, गहूवर्णी वगैरे स्थळांच्या पत्रिकेत लिहायचे शब्द, ते बाजूला ठेवू. उरणकडच्या आगरी घरातली काळी मुलगी. 'मुलगी गुणी आहे, पण' या वाक्यातल्या 'पण'पाशी माझी तीन स्थळं थांबली. चौथ्याने 'पण' लावला नाही, त्याच्याशी लग्न केलं, नेरूळला आले. त्यामुळे गोरेपणावरचं व्याख्यान मला देऊ नका. त्या विषयात माझा अभ्यास तुमच्यापेक्षा जास्त आहे आणि तो मी हौसेने केलेला नाही.

मी जपते ते वांगासाठी, म्हणजे चेहऱ्यावरच्या तपकिरी डागांसाठी. दुसऱ्या बाळंतपणात दोन्ही गालांवर आणि वरच्या ओठावर तपकिरी पट्टे उमटले. वांग गरोदरपणात येतो, गर्भनिरोधक गोळ्यांनी येतो, घराण्यातही असतो. आला की त्याला चेतवायला ऊन पुरतं. चार महिने जपून फिके केलेले डाग दोन रविवारच्या निष्काळजीपणाने परत येतात. आणि आपल्यासारख्या रंगाच्या कातडीत नुसते अतिनील किरणच नाहीत, डोळ्यांना दिसणारा साधा उजेडसुद्धा तो गडद करतो. म्हणून पांढरं सनस्क्रीन वांगाला पुरत नाही, आयर्न ऑक्साइड घातलेलं, कातडीच्या रंगाचं लागतं. हे मी लेखात लिहिलं होतं. तुम्ही 'कातडीच्या रंगाचं' वाचलं आणि बहुधा मेकअप समजलात.

आणि आता एवढं बोललेच आहे तर उरलेलंही सांगते. २००९ साली एका मेडिकलवाल्याने डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय वांगावर म्हणून एक ट्यूब दिली. तीन आठवड्यांत डाग तर गेलेच, सगळा चेहरा उजळला. बायका विचारायला लागल्या, काय लावतेस गं? मला आवडलं. आठ महिने लावत राहिले. बंद केली तेव्हा तोंड लालभडक, कातडी कागदासारखी पातळ, गालावर बारीक शिरा दिसायला लागलेल्या. त्यात स्टेरॉइड होतं, हे नंतर त्वचेच्या डॉक्टरांनी सांगितलं. ते निस्तरायला दीड वर्ष गेलं. तेव्हा सोस होता का? असेल. पण तो २००९चा होता. तुम्ही आत्ताच्या लेखावर लिहिताय, आणि त्याबद्दल तुम्हाला काहीएक ठाऊक नव्हतं. अंदाजाने मारलेला दगड लागला म्हणून तो नेम होत नाही.

आता तुमचे आजोबा. त्यांच्याबद्दल आदर आहे. पण 'उघड्या तोंडाने' आणि 'काही झालं नाही' हे दोन्ही मी मान्य करणार नाही, कारण माझाही आजा होता आणि तो मिठागरावर होता. पावसाळा सरला की पुढचा पाऊस येईपर्यंत खाजणात. वरून ऊन, खाली पाणी आणि पांढरं मीठ, म्हणजे ऊन दोन्हीकडून. तो उघड्या डोक्याने कामावर गेलेला कुणी पाहिला नाही. कपाळ, कान, मान झाकेल असा रुमाल, त्याचा शेव तोंडावर. आजी पदर दातात धरून डोक्यावरून मीठ वाहायची, मोकळा दिसायचा फक्त डोळ्यांचा पट्टा. मी मागे मागे फिरत असले की ओरडायची, "डोका झाक गो!" शेतकऱ्याचं मुंडासं बघा, धनगराचं पागोटं बघा. उन्हात राबणाऱ्या माणसाने डोकं-तोंड उघडं टाकलंय असं मला तरी आठवत नाही. ती फॅशन आपली, सावलीत नोकऱ्या करणाऱ्यांची. तेव्हा तोंड झाकणं हे नवं खूळ नाही, हेल्मेटखाली भुवया उघड्या टाकून चार तास फिरणं हे नवं.

आणि 'काही झालं नाही'? आज्याच्या दोन्ही डोळ्यांत नाकाकडच्या कोपऱ्यातून बुबुळावर मांसाचा पडदा चढला होता. टेरिजियम म्हणतात त्याला. वर्षानुवर्षं ऊन, वारा, धूळ खाणाऱ्यांच्या डोळ्यांत होतो. रुमालाने डोळे झाकत नाहीत ना, मग तेवढेच बिघडले. शेवटची दहा वर्षं तो मला आवाजावरून ओळखायचा. म्हणून मी लेखात चष्म्यावर तीन परिच्छेद खर्च केले, ज्यांच्याबद्दल तुमच्या प्रतिक्रियेत एक शब्द नाही. फूटपाथवरचा नुसता काळा चष्मा घेऊ नका, असं तिथे म्हटलंय. काळोखाने बाहुली मोठी होते, आणि काचेत अतिनील किरण अडवायची सोय नसेल तर आत जास्तच जातं. 'यूव्ही ४००' लिहिलेला, म्हणजे अतिनील किरण अडवणारा घ्या आणि कडेने डोळ्यांना लपेटणारा घ्या. बारीकसारीक वाटेल, मला नाही वाटत.

तुम्ही २५ वर्षं सायकल चालवताय असं दुसऱ्या एका लेखाखाली लिहिलं होतं. मी २०१४पासून चालवते, म्हणजे तुमच्यापुढे लहानच. पण नवी मुंबईतला पाम बीच रोड मलाही पाठ आहे. वाशीकडून बेलापूरला निघालं की रस्ता आग्नेयेकडे वळतो. डिसेंबरच्या सकाळी सूर्यही तिथेच असतो, थेट नाकासमोर. पाम आहेत, पण पामला सावली किती? वारा गार, तोंडाला ऊन लागतंय असं अजिबात वाटत नाही. गोम इथेच आहे. उन्हाची जी धग लागते ती अतिनील किरणांची नसतेच. तापमान दुपारी दोन-तीनला चढतं, अतिनील किरण त्याआधी, सूर्य डोक्यावर असताना, म्हणजे आपल्याकडे साडेबारा-पाऊणच्या सुमाराला सर्वांत कडक असतात. सायकलवरचा वारा घाम वाळवतो, कातडी गार ठेवतो, आणि भाजलेलं कळतं ते घरी आंघोळीला बसल्यावर. सावलीवरून ओळखा असं मी लिहिलं होतं. आपली सावली आपल्यापेक्षा आखूड झाली की तोंड झाकायची वेळ झाली. यात कुठली कंपनी आली?

आता पंचा. ओलं पांढरं सुती कापड ऊन कमी अडवतं, हे तुमचं म्हणणं बरोबर आहे. कापड अतिनील किरण किती अडवतं त्याच्या आकड्याला यूपीएफ म्हणतात. साधा पांढरा सुती टीशर्ट कोरडा असताना जेमतेम यूपीएफ ७च्या घरात असतो, भिजला की ३च्या आसपास. म्हणजे तिसरा हिस्सा ऊन सरळ आत. घट्ट विणीचं, गडद रंगाचं कापड बरं. मी गारव्यासाठी ओला म्हटलं होतं आणि ते माझ्या सवयीतून आलं. मान्य. मोठ्या मनाने मान्य. पण हेच वाक्य तुम्ही पहिलं लिहून थांबला असतात तर हे उत्तर चार ओळींचं झालं असतं.

कानाचं म्हणाल तर माझे कान ठणठणीत आहेत. गेल्या वर्षी उरण फाट्याजवळ एक बस कोपराला घासून गेली, तेव्हा तोंडाला पंचा होता, हे खरं. पण हॉर्न न वाजवणं ही ड्रायव्हरची चूक होती. त्यावर वाद नको.

पावसाळा. इथे मात्र हसू आलं. १५ मेच्या आसपास सूर्य नवी मुंबईच्या बरोबर माथ्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस म्हणून आपण काठी उभी करून फोटो काढतो. असाच दुसरा दिवस जुलैच्या अखेरीस असतो. तो कुणी साजरा करत नाही, कारण ढग असतात. सूर्य मात्र तिथेच असतो. पातळ ढगांतून अतिनील किरण बरेचसे खाली येतात. जाड काळ्या ढगाखाली, धो धो पावसात नका लावू, मी कधी लावा म्हटलं? अतिनील किरणांचा निर्देशांक ३ किंवा त्याहून वर असला तर काळजी घ्या असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, तो आकडा हवामानाच्या अ‍ॅपवर फुकट दिसतो. पावसाळ्यातल्या दुपारी एकदा बघा.

आणि दलाली. आजवर कुणी मला एक ट्यूब फुकट पाठवलेली नाही. लेखात एकाही ब्रँडचं नाव नाही. उलट एसपीएफ, म्हणजे ट्यूबवरचा संरक्षणाचा आकडा, ५०च्या वर असेल तर पैसे घालू नका असं स्पष्ट लिहिलंय. ३० भाजणारे किरण साधारण ९७ टक्के अडवतं, ५० साधारण ९८, त्यापुढे आकडा फुगतो आणि खिसा रिकामा होतो. खरा फरक पडतो तो किती लावता त्याने. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर पूर्ण लांबीची रेघ, एवढं चेहऱ्याला आणि मानेला. आपण वाटाण्याएवढं लावतो आणि मग 'काही उपयोग नाही' म्हणतो. दर दोन तासांनी पुन्हा लावा, हेही लिहिलंय. घामाने ओघळून डोळ्यांत गेलं की बेलापूरच्या चढावर रडू येतं, म्हणून कपाळाला हेल्मेटखाली पट्टी बांधा आणि डोळ्यांभोवती झिंक ऑक्साइडची कांडी फिरवा, हेही. दलाल असते तर कापडाने काम भागवा असं कशाला सांगितलं असतं? हा शब्द मागे घ्याल अशी अपेक्षा आहे, पण वाट बघणार नाही.

ड जीवनसत्त्व : हात उघडे, पिंढऱ्या उघड्या, तेवढं पुरे. चेहऱ्याने काय मक्ता घेतलाय?

राहता राहिलं सायकल विकायचं. एका सायकलवाल्याने परवाच बारा हजार देऊ केले होते, नाही म्हटलं. रविवारी सव्वासहाला मी सीवूड्स स्टेशनबाहेर असते. तोंड झाकलेलं असेल, ओळखायला अडचण यायची नाही.

मूळ लेखात 'ओला पांढरा पंचा' असं होतं, तिथे काल रात्री 'कोरडा, घट्ट विणीचा, गडद रुमाल, कान मोकळे ठेवून' असं केलं आहे. बाकी सगळं होतं तसंच आहे.