वैनगंगेच्या पाण्यात मेटल डिटेक्टर घेऊन उतरण्यापूर्वी

पाण्याखाली चालणारे मेटल डिटेक्टर आता आपल्या भंडारा-पवनी पट्ट्यातही ऑनलाइन मागवले जाऊ लागले आहेत. उन्हाळ्यात नदीची धार आटली की घाटाजवळ, पुलाखाली आणि धरणाच्या उघड्या पडलेल्या काठावर कानाला हेडफोन लावून, हातातला दांडा पाण्यात फिरवत चाललेली तरुण मुले दिसतात. या यंत्राला माझा विरोध नाही. मी स्वतः ते वापरतो आणि पाण्यात पडलेली वस्तू ज्याची त्याला परत मिळाल्यावर त्या घरात जो आनंद होतो तो मी पाहिलेला आहे. पण हे यंत्र कशासाठी वापरायचे आणि कशासाठी मुळीच वापरायचे नाही, याबद्दल आपल्याकडे कोणी बोलत नाही. यूट्यूबवर दिसतो तो फक्त वर आलेला चमकता तुकडा. म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो : हरवलेली वस्तू तिच्या मालकाच्या सांगण्यावरून शोधण्यासाठी पाण्यात उतरावे, जुने काही सापडेल या आशेने नदीचा, तलावाचा किंवा बुडालेल्या गावाचा तळ उकरू नये.

यंत्राची ताकद आणि मर्यादा समजून घेतली की पुढच्या बऱ्याच गोष्टी आपोआप कळतात. तळाच्या गोल चकतीतील तारेतून बदलता विद्युतप्रवाह वाहतो, त्यामुळे चुंबकीय क्षेत्र तयार होते, ते जवळच्या धातूत लहान भोवरी प्रवाह निर्माण करते आणि त्या प्रवाहांचे उलट उमटणारे क्षेत्र यंत्र पकडते. याचा अर्थ ते एवढेच सांगू शकते की इथे विजेचा वाहक असलेले काहीतरी आहे. ते सोने आहे की औषधाच्या गोळ्यांच्या पाकिटाची पन्नी आहे, हे ते खात्रीने सांगू शकत नाही, कारण लहान सोन्याचा दागिना आणि ॲल्युमिनियमचा पातळ तुकडा यांचा आवाज जवळजवळ सारखाच येतो. ‘कचरा गाळा’ हे बटण दाबून पाण्यात उतरणारा माणूस पन्नीबरोबर अंगठीही गाळून टाकतो. त्यामुळे ज्याला खरोखर शोधायचे आहे त्याला प्रत्येक आवाजावर हात घालून निघालेला कचरा वर काढावाच लागतो, आणि एकदा वर काढलेला कचरा पुन्हा पाण्यात टाकणे हा माझ्या लेखी गुन्हाच आहे.

गोफाची किंवा बारीक साखळीची गोष्ट तर आणखी अवघड आहे. साखळीची प्रत्येक कडी इतकी लहान असते की तिच्यात उमटणारा प्रवाह नगण्य राहतो, आणि तोळाभराची साखळी चकतीखाली असूनही यंत्र गप्प बसते. मंगळसूत्र पडले असेल तर पोत नव्हे, तर डोरले किंवा वाट्या काय त्या आवाज देतात. म्हणून शोधाला निघण्यापूर्वी मी घरच्या बाईंना आधी विचारतो की दागिन्यात भरीव भाग कोणता होता, फासा कसा होता, आणि त्या नेमक्या कुठे उभ्या असताना तो पडला. पैसे घेऊन ‘शंभर टक्के काढून देतो’ म्हणणारा माणूस खोटे बोलत आहे असे खुशाल समजावे.

खरेदीबद्दल एक सूचना, कारण मुले यात फसतात. समुद्रासाठी बनवलेली महागडी पल्स इंडक्शन (प्रवाहाचे थांबून थांबून झटके देणाऱ्या) पद्धतीची यंत्रे आपल्याकडच्या गोड्या पाण्यात घेण्याचे कारण नाही. खारे पाणी स्वतःच वाहक असल्याने त्या पद्धतीची तिथे गरज पडते, पण तिला लोखंड वेगळे ओळखता येत नाही आणि आपल्या घाटांवर तर खिळ्यांचा आणि मूर्तींच्या सांगाड्यातल्या तारांचा सडा पडलेला असतो. विदर्भात खाऱ्या पाण्याचे ठिकाण म्हणून लोणार आठवेल, पण ते सरोवर अभयारण्य आहे आणि 2020 पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागाही आहे, तेव्हा तिथे यंत्र न्यायचेच नाही. पूर्णा आणि पैनगंगेच्या खोऱ्यात काळ्या बेसाल्टच्या झिजेतून आलेली मॅग्नेटाइट या लोहखनिजाची काळी रेती असते; तिच्यावर यंत्र विनाकारण ओरडते, तिथे ग्राउंड बॅलन्स, म्हणजे जमिनीतल्या खनिजांचा आवाज वगळण्याची सोय, काळजीपूर्वक लावावा लागतो. आणि जाहिरातीत ‘वॉटरप्रूफ’ लिहिलेले असले तरी काही यंत्रांत फक्त चकतीच पाण्यात चालते, वरची पेटी नाही, हे आधी वाचून घ्यावे.

घाटावरचा शोध प्रत्यक्षात कसा चालतो ते सांगतो. अलीकडे दशक्रियेला आलेल्या एका कुटुंबातील मुलीची अंगठी आंघोळीच्या वेळी गुडघाभर पाण्यात गळून पडली होती. सोने वाळूच्या कित्येक पट जड असल्यामुळे ते धारेबरोबर फार दूर जात नाही, ते सैल रेतीतून खाली खाली उतरत जाऊन कडक थरावर टेकते. म्हणून आम्ही प्रथम सगळ्यांना पाण्याबाहेर यायला सांगितले, कारण जितके पाय फिरतील तितकी वस्तू खोल रुतते. चार बांबू रोवून दोरी बांधली, आणि दोरीच्या आतला भाग पट्ट्यापट्ट्याने, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर अर्धा चढवत, अगदी हळू तपासला. अंगठीच्या आधी वर आली ती मुंडणाची ब्लेडची पाती. एक, मग आणखी एक, मग गंजून एकमेकांना चिकटलेली पात्यांची चळतच. ज्या ठिकाणी लोक अनवाणी उतरतात, लहान मुलांना बुडी मारायला लावतात, तिथे वीतभर रेतीखाली ही पाती पडून होती. अंगठी मिळाली, पण मला त्या दिवसाचे खरे काम ती पाती बाहेर काढणे हेच वाटते. यंत्र बाळगणाऱ्याने जवळ तोंड बंद होणारा पत्र्याचा डबा ठेवावा, हाताने रेती न चाळता छिद्रांचा खोलगट झारा वापरावा, आणि झालेला खड्डा पायाने बुजवूनच पुढे सरकावे. गुडघाभर पाण्यातला एक खड्डा लहान मुलाला कमरेपर्यंत घेऊन जातो.

खड्ड्यांचा विषय निघालाच आहे तर जिवाच्या जोखमीबद्दलही बोलले पाहिजे. रेती उपशामुळे वैनगंगेचे आणि कन्हानचे पात्र आता पूर्वीसारखे सरळ उतरत जाणारे राहिलेले नाही. घोट्याएवढ्या पाण्यातून पुढचे पाऊल थेट डोहात पडू शकते. ज्याची नजर पाण्याच्या तळाकडे आणि लक्ष कानातल्या आवाजाकडे आहे, त्याला हे कळेपर्यंत उशीर झालेला असतो. हेडफोन घातलेल्या माणसाला धरणाचा भोंगाही ऐकू येत नाही आणि काठावरच्याची हाकही नाही. वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाला 33 दरवाजे आहेत, आणि वरच्या भागात पाऊस झाला की आपल्याकडे ऊन असतानाही पाणी सोडले जाते. म्हणून एकट्याने उतरू नये, एक कान मोकळा ठेवावा, लाइफ जॅकेट घालावे आणि काठावर दोरी धरून उभा राहणारा माणूस फक्त तेच काम करणारा असावा, मोबाइलवर शूटिंग करणारा नव्हे. नदीकाठच्या शेतीपंपांच्या उघड्या, जोड दिलेल्या तारा पाण्यात लोंबत असतात, त्या आधी डोळ्यांनी पाहून घ्याव्यात. तारेजवळ यंत्र वाजले म्हणून हात घालणाऱ्याला दुसरी संधी मिळत नाही.

तलावांची गोष्ट वेगळी आहे, आणि तिथे परवानगीचा प्रश्न अधिक नाजूक होतो. आपले मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, दिसायला मोकळे असतात, पण ते बेवारस नाहीत. तलाव जिल्हा परिषदेचा किंवा पाटबंधारे खात्याचा असतो, मासेमारीचा हक्क बहुतेक ठिकाणी ढिवर बांधवांच्या सहकारी संस्थेकडे असतो आणि पाण्यावर ओलिताच्या शेतकऱ्यांचा हक्क असतो. अनेक गावांत ढिवर समाजाच्या बायांनी पुढाकार घेऊन तलावात पाणवनस्पती पुन्हा लावल्या आहेत, कारण माशांची अंडी आणि पिल्ले त्या वनस्पतींच्याच आधाराने वाढतात. अशा तळात कोणी झारा फिरवला तर कित्येक महिन्यांच्या मेहनतीवर पाणी पडते. पावसाळ्याच्या तोंडाला, मासा अंड्यावर असताना, तलावात यंत्र नेऊच नये. पाळीला, म्हणजे तलावाच्या बांधाला, तर कधीही हात लावू नये, मग आवाज कितीही मोठा येवो. मातीच्या पाळीतले एक भोक पाण्याला वाट दाखवायला पुरेसे असते.

घाटावरच्या नाण्यांबद्दलही माझे ठाम मत आहे. नदीत लोक नाणी सोडतात आणि काठावरची मुले दोरीला चुंबक बांधून ती काढतात, कारण आजची रुपयाची नाणी चुंबकाला चिकटतात. कोणाचे त्यातून वहीचे पैसे निघतात, कोणाचे खाऊचे. हजारो रुपयांचे यंत्र घेऊन त्या मुलांशी स्पर्धा करायला उतरणे शोभत नाही. कायद्याने त्यात काही चूक निघेल की नाही, हा प्रश्नच मला इथे महत्त्वाचा वाटत नाही.

आता ज्या गोष्टीसाठी मी प्रामुख्याने लिहायला बसलो ती. गोसीखुर्द प्रकल्पाचे भूमिपूजन 22 एप्रिल 1988 रोजी झाले आणि पुढे पाणी अडल्यावर नदीकाठची गावे उठली. उन्हाळ्यात पाणी उतरले की त्या गावांच्या भिंतींचे पाये, ओटे, विहिरींची तोंडे आणि देवळांचे चौथरे चिखलातून वर येतात. गेली काही वर्षे त्या उथळ पाण्यात यंत्रे फिरू लागली आहेत. तिथे काय निघते ते मी पाहिले आहे : दाराची कडी, बैलाच्या गळ्यातली घंटी, नांगराचा फाळ, पितळी गुंडीचा चेपलेला काठ. बाजारात याची किंमत भंगाराएवढी. पण ज्या माणसाने त्या दाराला ती कडी स्वतः ठोकली तो आज पुनर्वसित गावठाणात राहतो आहे, आणि त्याच्या ओट्यावर उभे राहून दुसराच कोणी ‘बुडालेल्या गावात खजिना’ असा व्हिडिओ बनवतो आहे. मोबदल्याचा हिशेब सरकारी कागदावर संपला असेल. त्यामुळे घराच्या उंबऱ्याशी असलेले नाते संपत नाही. त्या भागात जायचेच असेल तर आधी त्या गावच्या लोकांकडे जावे, त्यांच्यापैकी कोणाला तरी सोबत घ्यावे आणि निघालेली वस्तू ज्याच्या घराच्या जागेवर निघाली त्याच्या हातात द्यावी. त्यांनी नको म्हटले तर जाऊ नये. मी अशा एका आजोबांना विचारले होते. ते म्हणाले, आमच्या घरात तू कशाला शोधतोस, मला विचार, कुठे काय होते ते मी सांगतो. पुढचा बराच वेळ ते कुठे जाते होते, कुठे बैल बांधत, कोठी कोणत्या कोपऱ्यात होती, हे सांगत राहिले, आणि मी ते सगळे लिहून घेतले.

त्याहून जुन्या वस्तूंबद्दल तर शंकेला जागाच नाही. आपण ज्या काठावर राहतो तो काठ दोन हजार वर्षांहून अधिक जुन्या वस्तीचा आहे. पवनीला 1969-70 मध्ये झालेल्या उत्खननात बौद्ध स्तूपाचे अवशेष निघाले, महाक्षत्रप (शक राज्यकर्त्यांची पदवी) रूपिअम्माचा लेख असलेला स्तंभ याच गावचा. वर्धा नदीच्या काठावर कौंडिण्यपूर आहे, खाली वैनगंगेवर मार्कंडा आहे. काठ ढासळला की जुना थर पाण्यात येतो. काही जण म्हणतात की नदीत पडलेली वस्तू आधीच जागेवरून हललेली असते, मग ती उचलल्याने काय बिघडते. हे अर्धवट खरे आहे. जड वस्तू फार दूर जात नाहीत, आणि एकाच दरडीखाली अशा चार गोष्टी मिळाल्या तर वर कोणता थर फुटला आहे हे अभ्यासकाला कळते. वाशीम जिल्ह्यातल्या तऱ्हाळ्याला 1939 मध्ये सातवाहनांच्या पोटीनच्या (तांबेमिश्रित हलक्या धातूच्या) नाण्यांचा साठा सापडला. तो अभ्यासकांच्या हाती आला म्हणूनच पुराणांच्या याद्यांत नसलेली कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी अशी राजांची नावे आपल्याला कळली. तीच नाणी एकेक करून दिवाणखान्यातल्या कपाटांत गेली असती तर त्या राजांचे नावही राहिले नसते.

म्हणून जुने काही लागले की तिथेच थांबावे. वस्तू असेल तशी राहू द्यावी, जागेचा फोटो आणि लोकेशन घ्यावे, चिंच किंवा राख लावून घासू नये, कारण त्या गंजाच्या थरातच तिचा पुरावा असतो. पोलीस पाटलांना आणि तहसीलदारांना लगेच कळवावे. 1878 च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दडलेली, 10 रुपयांपेक्षा अधिक किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणे बंधनकारक आहे, आणि ते लपवल्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. त्याच कायद्यात सापडणाऱ्याच्या हिश्शाचीही तरतूद आहे, हे मात्र लोकांना कोणी सांगत नाही. संरक्षित स्मारकाच्या आवारात आणि त्याच्या घाटावर यंत्र सुरूच करू नये. पेंच, नागझिरा, ताडोबा या जंगलांतल्या पाण्यालाही हेच लागू आहे.

हे सगळे इतक्या तळमळीने सांगण्याचे कारण गुप्तधन. हेमाडपंती देवळाचा गाभारा खणला, नंदी उलथवला, वीरगळ फोडला, अशा बातम्या आपल्या भागात नव्या नाहीत. ‘हंडा’ शोधण्यासाठी पूर्वी पायाळू, म्हणजे पायाकडून जन्मलेल्या माणसाला रात्री शिवारात नेत, आता त्याच्या जागी हे यंत्र नेले जाऊ लागले आहे. यंत्र वाजले की मांत्रिकाच्या बोलण्याला विज्ञानाचा आधार मिळाल्यासारखे वाटते, आणि भोळी माणसे लुटली जातात. गुप्तधनाच्या नावाखाली चालणाऱ्या अघोरी प्रकारांविरुद्ध महाराष्ट्रात 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. अशा कामासाठी कोणी तुमचे यंत्र भाड्याने मागितले, तर नुसते नाही म्हणून थांबू नका, पोलिसांना कळवा. देवळामागच्या डोहासाठी मला अशी विचारणा झाली होती आणि मी कळवले होते.

माझी सूचना अशी आहे की ही यंत्रे घरोघरी घेण्यापेक्षा मच्छीमार संस्थेकडे किंवा ग्रामपंचायतीकडे एखादे ठेवावे. पाणी ढिवरांइतके कोणाला कळत नाही, आणि बुडी मारून वस्तू काढण्याचे काम ते यंत्र येण्याच्या कितीतरी आधीपासून करत आले आहेत. त्यांना मेहनताना मिळावा. सोबत एक नोंदवही असावी : तारीख, जागा, कोणी शोधायला सांगितले, काय सापडले, कोणाला दिले, किती कचरा काढला, आणि काठावर कोण उभे होते. येत्या ग्रामसभेत मी हा विषय लेखी देणार आहे. ज्यांच्याकडे असे यंत्र आहे त्यांनी आपापल्या गावचा अनुभव खाली लिहावा, म्हणजे नोंदवहीचा नमुना पक्का करताना तो घेता येईल.