अगाथा ख्रिस्ती यांचे अकरा दिवस आणि जाहिरातबाजीचा आरोप

इंग्रज रहस्यकथालेखिका अगाथा ख्रिस्ती डिसेंबर १९२६ मध्ये अकरा दिवस नाहीशा झाल्या होत्या आणि तो सारा प्रकार पुस्तके खपावीत म्हणून त्यांनी स्वतःच रचलेला बनाव होता, असे रहस्यकथांच्या वाचकांमध्ये मोठ्या विश्वासाने सांगितले जाते. त्याच्या पुष्ट्यर्थ चार गोष्टी पुढे केल्या जातात: तोवर त्यांना फारसे कोणी ओळखत नव्हते; खोट्या नावाने हॉटेलात राहणे हे पूर्वनियोजनाचे लक्षण आहे; या प्रकरणानंतर त्यांच्या पुस्तकांचा खप वाढला; आणि त्यांनी पुढे कधीही खुलासा केला नाही. यांतली एक गोष्ट खरी आहे, एक अर्धवट खरी आहे आणि उरलेल्या दोन चूक आहेत.

आधी घटनाक्रम. ३ डिसेंबरच्या रात्री ख्रिस्तीबाई सनिंगडेल येथील घरातून मोटार घेऊन एकट्याच निघाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी ती मोटार सरे परगण्यातील न्यूलँड्स कॉर्नर येथे एका खाणीजवळ बेवारस आढळली. आत त्यांचा फरचा कोट तसाच होता. शेकडो पोलीस आणि हजारो स्वयंसेवक रानोमाळ हिंडले, शोधासाठी विमानेही उडाली. शेरलॉक होम्सचे जनक आर्थर कॉनन डॉयल यांनी तर ख्रिस्तीबाईंचा हातमोजा परलोकाशी संपर्क असल्याचे सांगणाऱ्या एका माध्यमाला दाखवला, जे होम्सला मुळीच रुचले नसते. अखेर १४ डिसेंबरला त्या यॉर्कशायरमध्ये, खनिजपाण्याच्या उपचारांसाठी प्रसिद्ध असलेल्या हॅरोगेट येथील एका हॉटेलात सापडल्या.

त्या अनोळखी होत्या हा पहिला मुद्दा फार वेळ घेणारा नाही. १९२६ च्या डिसेंबरपर्यंत त्यांच्या सहा कादंबऱ्या आणि एक कथासंग्रह प्रसिद्ध झाला होता. त्यांच्या एका कादंबरीच्या क्रमशः प्रकाशनासाठी लंडनच्या 'ईव्हनिंग न्यूज'ने ५०० पौंड मोजले होते आणि त्या पैशांतून त्यांनी मॉरिस काउली मोटार घेतली होती. न्यूलँड्स कॉर्नरला सापडलेली गाडीही मॉरिस काउलीच होती. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या 'द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड'च्या शेवटावरून वाचक आणि समीक्षक हिरिरीने वाद घालत होते. किंबहुना, बेपत्ता झालेली बाई प्रसिद्ध होती म्हणून तर वृत्तपत्रांनी हे प्रकरण इतके उचलून धरले.

दुसरा मुद्दा अधिक गंभीर आहे आणि त्यातली तथ्ये नाकारण्याचे कारण नाही. हॉटेलच्या नोंदवहीत त्यांनी केप टाउनहून आलेल्या 'टेरेसा नील' असे नाव लिहिले होते. त्या तेथे संगीताच्या कार्यक्रमांना बसत आणि इतर पाहुण्यांशी मोकळेपणाने बोलत. टेरेसा नील यांच्या आप्तेष्टांनी संपर्क साधावा, अशी छोटी जाहिरातही त्यांनी 'टाइम्स'मध्ये दिली होती. त्या सापडल्यावर दोन डॉक्टरांनी स्मृतिभ्रंशाचे निदान केले. परंतु या वागण्याकडे पाहता संपूर्ण स्मृतिभ्रंशाचा खुलासा मलाही पुरेसा वाटत नाही. तरीही स्मृतिभ्रंश शंकास्पद ठरला की जाहिरातबाजी आपोआप सिद्ध होते, हा तर्क चुकीचा आहे, कारण या दोहोंखेरीज तिसरी शक्यता समोर असते आणि ती त्या आडनावातच दिसते. नील हे आडनाव नॅन्सी नील या तरुणीचे होते. ख्रिस्तीबाईंच्या आईचे एप्रिल १९२६ मध्ये निधन झाले. त्या दुःखातून त्या सावरल्याही नव्हत्या तोच पती आर्ची यांनी आपले नॅन्सीवर प्रेम असल्याचे सांगून घटस्फोट मागितला. ज्या रात्री त्या घरातून निघाल्या, त्या रात्री आर्ची गोडाल्मिंगजवळ मित्रांच्या घरी होते आणि नॅन्सीही तेथेच होती. बेवारस मोटार सापडली ती जागा तेथून फार लांब नाही. पुस्तकविक्रीसाठी नाटक रचणाऱ्या लेखिकेला नवऱ्याच्या प्रेयसीचे आडनाव घेण्यात काय लाभ होता? ते नाव वाचून ज्याला काही कळले असते असा माणूस एकच होता आणि तो वाचक नव्हता.

याच मुद्द्यातली एक बाब दावा करणारे सहसा सांगत नाहीत. नाहीशा झाल्यावर लगेचच ख्रिस्तीबाईंचे एक पत्र त्यांचे दीर कॅम्पबेल यांना मिळाले आणि त्यात आपण यॉर्कशायरमधील उपचारस्थळी जात असल्याचे लिहिले होते. ज्याला देशभर खळबळ उडवायची आहे तो आपला ठावठिकाणा पहिल्याच टपालाने कळवत नाही. पोलिसांनी त्या पत्राचा पाठपुरावा नेटाने केला असता तर हे प्रकरण दोन-तीन दिवसांत मिटले असते.

तिसरा मुद्दा, म्हणजे खप वाढला हा, खरा आहे. जानेवारी १९२७ मध्ये आलेल्या 'द बिग फोर'ला या गाजावाजाचा फायदा झाला, याविषयी दुमत नाही. मात्र परिणामावरून हेतू ठरवता येत नाही, आणि येथे तर ते पुस्तकच आरोपाच्या विरोधात साक्ष देते. 'द बिग फोर' ही नव्याने लिहिलेली कादंबरी नव्हती. १९२४ मध्ये 'द स्केच' या साप्ताहिकात आलेल्या पॉयरो या त्यांच्या गुप्तहेराच्या बारा कथा एकमेकींना जोडून ती तयार केली होती. आईच्या मृत्यूनंतर आणि मोडत्या संसारात ख्रिस्तीबाईंकडून नवे लेखन होईना, म्हणून ही जुळवाजुळव करावी लागली आणि त्या कामात त्यांना कॅम्पबेल यांनीच मदत केली. एवढी मोठी जाहिरात योजणाऱ्या लेखिकेने तिच्या तोंडावर आपले सर्वांत कच्चे पुस्तक ठेवले असते, हे पटत नाही. त्यानंतरचे 'द मिस्टरी ऑफ द ब्लू ट्रेन' यायला १९२८ उजाडले. तेही त्यांनी पैशाच्या गरजेपोटी कसेबसे पूर्ण केले आणि ते त्यांना स्वतःला कधीच आवडले नाही.

राहता राहिला खुलाशाचा मुद्दा. १९२८ च्या फेब्रुवारीत 'डेली मेल'ला दिलेल्या मुलाखतीत ख्रिस्तीबाईंनी त्या रात्रीविषयी सांगितले होते: मन विषण्ण होते, जीव नकोसा झाला होता आणि खाणीजवळून जाताना गाडी तिच्यात घालावी, असा विचार मनात आला होता. हा खुलासा कोणाला पटो वा न पटो, तो दिलाच नव्हता असे म्हणता येणार नाही. त्याच वर्षी घटस्फोट झाला आणि आर्ची यांनी नॅन्सीशी लग्न केले. पुढे मृत्यूनंतर, १९७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात त्यांनी आईचे जाणे आणि संसार मोडणे यांविषयी लिहिले, पण या अकरा दिवसांचा उल्लेख केला नाही. वृत्तपत्रांविषयीची त्यांची अढी मात्र १९७६ च्या जानेवारीत त्यांचे निधन होईपर्यंत टिकली. मुलाखती त्या शक्यतो टाळत आणि दिल्या तरी १९२६ चा विषय निघू देत नसत.