लेवल १५० असली तरी मार बसतो, आणि तेच योग्य आहे

एल्डन रिंग या व्हिडिओ गेमच्या एक्स्पान्शनबद्दल, म्हणजे नंतर आलेल्या जोडभागाबद्दल, अजूनही एकच तक्रार ऐकू येते. 'एवढी लेवल वाढवली, तिचा उपयोग काय?' मला ही तक्रार अजिबात पटत नाही. का, ते जरा सविस्तर लिहिते.

मूळ गेम आला २५ फेब्रुवारी २०२२ ला आणि शॅडो ऑफ द अर्डट्री हे एक्स्पान्शन आलं २१ जून २०२४ ला. मधे सव्वादोन वर्षांहून जास्त काळ गेला. एवढ्यात माणसाचं ऑफिस बदलतं, घरातली माणसं वाढतात. कॅरॅक्टर मात्र मोग या बॉसच्या, म्हणजे मोठ्या शत्रूच्या, राजवाड्यात त्या कोषासमोर सोडलं होतं तसंच उभं. कोषातून बाहेर लोंबणाऱ्या वाळक्या हाताला हात लावला की थेट लँड ऑफ शॅडोमध्ये, म्हणजे एक्स्पान्शनच्या नव्या प्रदेशात. आणि तिथला पहिलाच धड शत्रू दोन फटक्यांत आडवं करतो.

मे महिन्यात सोलापुरात दुपारी बाहेर पाऊल टाकायची सोय नसते. खिडक्या बंद, कूलर चालू, आणि शेजारी सुट्टीला आलेला भाचा. त्यानं बघून विचारलं, "मावशी, एवढी लेवल असून का मरालीस गं?" त्याचा प्रश्न बरोबर होता. उत्तर असं की इथं लेवलपेक्षा स्कॅड्यूट्री फ्रॅगमेंट नावाचे तुकडे जास्त मोजले जातात. सगळ्या प्रदेशात मिळून ५० तुकडे आहेत. साइट ऑफ ग्रेसवर, म्हणजे विसाव्याच्या जागी, बसून ते वापरले की मार देण्याची आणि सोसण्याची दोन्ही ताकद वाढते, पार २० व्या पायरीपर्यंत. ही ताकद त्या प्रदेशापुरतीच. जुन्या नकाशात परत आलात की तिचा काही उपयोग नाही.

दिग्दर्शक मियाझाकी आणि गेम बनवणाऱ्या फ्रॉमसॉफ्टवेअरच्या टीमनं इथं जे केलंय ते मला फार आवडतं. हे तुकडे मिळतात कुठं? मिकेलाच्या क्रॉसपाशी, मारिकाच्या पुतळ्यांपाशी, आणि डोक्यावर मडकं घेऊन फिरणाऱ्या त्या सावल्यांकडं. म्हणजे ताकद हवी असेल तर हिंडावंच लागतं. जुन्या लेवलच्या जोरावर सरळ मेस्मर या मोठ्या बॉसपर्यंत पोचता आलं असतं, तर एवढा मोठा नकाशा बनवायचा तरी कशाला? ओपन वर्ल्डमधला सगळा आनंद वाट चुकण्यात आहे. परत आलेल्या माणसाला तो पहिल्यासारखा मिळावा, म्हणून त्याला पुन्हा नवखं करणं भाग होतं.

काहींना हे अन्यायाचं वाटलं. रिलीजनंतर आठवड्याच्या आत एक पॅच, म्हणजे गेममधली दुरुस्ती, आला, त्यात सुरुवातीच्या पायऱ्यांवर मिळणारी ताकद वाढवली. हे चांगलं केलं. मार थोडा सुसह्य झाला आणि हिंडणं तसंच राहिलं.

बेलुरात या ठिकाणच्या डान्सिंग लायन या बॉसबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. वर प्रचंड सिंहाचं मुंडकं, मागं लांब आयाळ, कधी वीज, कधी बर्फ, कधी वारा. सगळ्यांची नजर त्या मुंडक्यावर, आणि तिथंच घात होतो. नीट बघा, खाली माणसांचे पाय आहेत. तो पशू माणसं नाचवतायत! सोलापूरच्या गड्डा यात्रेच्या मिरवणुकीत नंदीध्वजाची उंच काठी पेलणाऱ्याचे पाय ज्यानं बारकाईनं बघितलेत, त्याला हे पटकन कळेल. वरचं सगळं डोलणं पायांतून येतं. मी पायांकडं बघून लढायला लागले आणि वार चुकवायला रोल कधी मारायचा ते हाताला कळायला लागलं. इतका सुंदर बॉस मूळ गेममध्येसुद्धा फार थोडा सापडेल.

सगळंच जमलंय असं नाही. दक्षिणेकडचा अबिसल वूड्स मला फार रिकामा वाटला. टॉरेंट, म्हणजे आपलं घोड्यासारखं वाहन, तिथं घाबरतो, बोलावला तरी येत नाही, ही कल्पना जबरदस्त आहे. पण पायी एवढं चालल्यावर हाताला लागतं फार थोडं. फिंगर रुइन्स या अवशेषांच्या जागांचंही तेच. मोठ्या बॉसच्या अंगाशी गेलं की कॅमेरा गोंधळतो, हा दोष तर जुनाच, तो अजून तसाच आहे.

लाईट जाण्याची भीती असलेल्यांसाठी एक : गेम सतत आपोआप सेव्ह होत असतो. आमच्याकडं दुपारची लाईट कितीदा तरी गेली, माझं काही हरवलं नाही.

ज्यांनी मधे सोडलाय त्यांनी कृपा करून नवं कॅरॅक्टर काढू नका. जुनी सेव्ह फाइल उघडा, लिमग्रेव्ह या सुरुवातीच्या प्रदेशात तासभर टॉरेंटवर फिरा, हात आपोआप वळतील. बिल्ड, म्हणजे कॅरॅक्टरच्या ताकदीची वाटणी, आवडेनासं झालं असेल तर लार्व्हल टिअर ही वस्तू घेऊन रेनाला या पात्राकडं जा आणि आकडे नव्यानं वाटून घ्या. रडान आणि मोग हे दोघंही बॉस पडलेत ना, ते आधी बघा. त्यांना हरवल्याशिवाय कोषातला तो हात तुम्हाला पलीकडं नेणार नाही. आणि पलीकडं गेल्यावर समोर बॉसच्या दारावरचं धुकं दिसलं तरी लगेच आत शिरू नका, आधी डावीउजवीकडं हिंडून चार-पाच तुकडे गोळा करा.